आज पाणी आमचं हाय

लंकाबाईला आता एकच वाक्य येतं, असं जो म्हणेल त्याला माझ्याकडं पाठवा. मी त्याला बसवते, चहा पाजते आणि मग चांगला झाडते. एक वाक्य म्हणे! अरे, तुम्ही दिवसभर टकळी चालवता, त्यातलं कोण काय ऐकतं ते आधी सांगा.

मी रंगूबाई. लंकाबाई माझी थोरली जाऊ, मी तिला आक्का म्हणते. मखमलाबादच्या शिवारात आमचा शेवंतीचा आणि झेंडूचा मळा हाय. दोघींचे मालक देवाघरी गेले. माझी छाया देवळ्याला दिलेली. आक्काचा समाधान सातपूरला कंपनीत लागला आणि बायको हर्षालीसंग तिकडंच फ्लॅट घेऊन राहिला. मळ्यात उरलो आम्ही दोघी. ती बोलायची आणि मी ऐकायची. आता तुम्हाला खरं वाटायचं नाय, पण आक्कापुढं तोंड उघडायची माझी टाप नव्हती. फुलबाजारातले व्यापारीसुद्धा तिच्या तोंडाला लागत नसत. "लंकाबाई आली, भाव नीट बोला रे," असं आधीच एकमेकांना सांगून ठेवायचे.

उन्हाळ्यात पाटाला पाणी सुटलं. पाळी आमची होती, आणि शेजारच्या बहिरूनं पाट स्वतःच्या वावराकडं फोडला. आक्का पदर खोचून बांधावर गेली. "आज पाणी आमचं हाय!" एवढं तिनं दणकून सांगितलं, आणि बघता बघता तिचं तोंड वाकडं झालं, उजवा हात लोंबायला लागला. खाली बसली ती बसलीच. बहिरूनंच तिला उचललं, पिकअपमध्ये घातलं आणि दवाखान्यात नेलं. भांडण राहिलं बांधावर.

जीव वाचला. पायात थोडी ताकद आली. वाचा मात्र गेली. डॉक्टर म्हणाले, मेंदूत बोलण्याची जागा असती, तिथलंच रक्त थांबलं होतं. शुद्धीवर आल्यावर आक्कानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "आज पाणी आमचं हाय." मला एवढा आनंद झाला! म्हणलं, बोलली गं बाई माझी! मग मी विचारलं, दुखतंय का? "आज पाणी आमचं हाय." कोण आलंय बघ, ओळखलंस का? "आज पाणी आमचं हाय." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. जे वाक्य बोलताना पडली, तेवढंच तिच्या तोंडात राहिलं होतं. बाकी सगळं पुसलं.

आणि आम्ही काय केलं माहिताय? आम्ही मळेकरी माणसं. पाण्याचं नाव काढलं की आमचे कान टवकारतात. मला वाटलं, बिचारीचा जीव पाण्यात अडकलाय. तिनं सकाळी वाक्य म्हणलं की मी मोटर चालू करायची. दुपारी म्हणलं की परत लाईट बघायची आणि परत मोटर. वाफ्यांची दारं धरून धरून माझी कंबर गेली. शेवंतीचे वाफे तुडुंब भरले. ती बाजेवर बसून वाक्य ओरडायची, आणि मी वावरातून म्हणायची, "सोडलंय गं बाई, सोडलंय!" शेवंती पिवळी पडली, मुळं कुजली. ती बया "बंद कर, बंद कर" म्हणून मला शिव्या घालत असणार, आणि मी आपली पाणी सोडतीय.

बहिरूचं तर विचारूच नका. तो एकदा भेटायला आला, हातात चिक्कूची पिशवी घेऊन. आक्का त्याच्याकडं बघून म्हणाली, "आज पाणी आमचं हाय." तो लालबुंद झाला. "वहिनी, अजून तेच धरून बसलीस व्हय?" म्हणाला आणि पिशवी ठेवून निघून गेला. त्यानंतर बांधावरून जाताना मान वर करायचा नाय.

समाधान दर रविवारी यायचा. पोरगा वाईट नाय हो, मायाळू हाय. पण आईसमोर बसून आईबद्दल माझ्याशी बोलायचा, जणू ती भिंतीवरचा फोटोच. "काकू, आईला आता काही कळत नाही. मी तिला सातपूरला नेतो. हर्षाली आहे, एक बाई ठेवू."

"कळत नाय? तुला कळत नाय!" मी उसळले. "तिचा सगळा जन्म ह्या मळ्यात गेला. तुझ्या त्या चौथ्या मजल्यावर तिला कोंडून घालणार व्हय? तिला हितंच राहायचंय."

"ती म्हणाली का तसं?"

तसं ती म्हणाली नव्हती. पण माझं ठरलं होतं, आक्काला नेऊ द्यायची नाय. तिच्यासाठी म्हणत होते ते खरं होतं. पण लग्न होऊन मी आले तेव्हापासून ह्या बाईच्या आवाजाशिवाय माझा दिवस उगवला नव्हता, हेही खरं होतं. मला तिच्यावाचून जगताच आलं नसतं, मग लोक काही का म्हणेनात.

तर एका रविवारी समाधान आम्हाला वाचा शिकवणाऱ्या बाईंकडं घेऊन गेला. रूपाली मॅडम. वयानं आमच्या छायाएवढी पोर, चष्मा लावलेली. मी मनात म्हणलं, ही काय शिकवणार. मॅडमनी आक्काला काही काही विचारलं आणि प्रत्येक वेळी तेच वाक्य आलं. समाधान मान खाली घालून बसला. मॅडम मात्र एकेका उत्तराला पुढं सरकत होत्या. चेहरा असा झाला होता, जणू कुणी लांबून गाणं म्हणतंय आणि त्यांना त्याची चाल ओळखायचीय.

"काकू," त्या एकदम माझ्याकडं वळल्या, "समजा, तुमच्या सासूबाई जेवताना म्हणाल्या, 'आज भाजी छान झालीय.'" त्यांनी 'आज'वर असा जोर दिला की मी लगेच म्हणलं, "म्हणजे रोज बिघडती!"

"आणि 'आज भाजी छान झालीय'?" आता जोर भाजीवर.

"म्हणजे भाकऱ्या कच्च्या राहिल्या."

"आणि 'आज भाजी छाऽन झालीय'?"

"बोंबला! म्हणजे भाजीत मीठ जास्त पडलंय आणि म्हातारी टोमणा मारती."

मॅडम हसल्या. "शब्द कुठले बदलले?"

एकही शब्द बदलला नव्हता. आमच्या घरातली निम्मी भांडणं ह्याच्यावर झाली होती, सासू म्हणायची "मी काय वाईट बोलले?" आणि शब्द बघितले तर खरंच काही वाईट नसायचं. जन्मभर जे ऐकून मी फणफणत होते, ते ह्या पोरीनं माझ्यापुढं उलगडून ठेवलं.

"आपण बोलतो तेव्हा एखाद्या शब्दावर भर देतो," मॅडम म्हणाल्या. "समोरचा खरं म्हणजे तो भर ऐकत असतो. ढोबळ मानानं सांगते, सगळ्यांचं असंच होतं असं नाही, पण कधीकधी मेंदूचा शब्दांचा भाग दुखावतो आणि बोलण्याची चाल शाबूत राहते. आजींच्या शब्दांकडं लक्ष देऊ नका. जोर कुठं पडतो ते ऐका."

मग त्या आक्कासमोर बसल्या. "आजी, तुमचं नाव रंगूबाई?"

"आज पाणी आमचं हाय." सपाट. चारी शब्द एका पातळीत, कुणालाच उचललं नाय.

"तुमचं नाव लंकाबाई?"

"आज पाणी आमचं हाऽय!"

मॅडमनी उलटसुलट करून परत विचारलं. हा मुलगा तुमचा भाऊ? सपाट. तुमचा लेक? 'हाय'वर जोर. बाहेर रात्र आहे? सपाट. मग मॅडमनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघून विचारलं, "आजी, बाथरूमला जायचंय? थोड्या वेळानं जाऊ या?"

"आऽज पाणी आमचं हाय! आऽज!"

"आत्ता म्हणतायत," मॅडम उठल्याच.

माझ्या अंगावर सरसरून काटा आला. देवाशप्पथ सांगते, देवळात कधी आला नव्हता असा. ती आतमध्ये होती! सगळीच्या सगळी होती, आमची आक्का. एवढे दिवस ती 'आत्ता' म्हणत होती, 'नको' म्हणत होती, 'हो' म्हणत होती, आणि आम्ही तिच्यासमोर बसून ती नाय असं धरून चाललो होतो. मी तिच्या पायाशी बसले आणि हात जोडले. तिनं डाव्या हातानं माझ्या डोक्यावर टपली मारली.

समाधान म्हणाला, "मला तर सगळं एकसारखंच ऐकू आलं." कारखान्यात मशीनच्या धडधडीत उभं राहून राहून कान गेले असतील, असं मी त्याला सुनावलं.

घरी आल्यावर मी टीव्ही बंद केला, डोळे मिटले आणि ऐकायला लागले. अगं बाई, काय सांगू! 'पाणी'वर जोर पडला की काहीतरी खायला-प्यायला हवंय. तो शब्द वर नेऊन सोडला तर चहा, खाली आणून सोडला तर जेवण. 'आमचं' म्हणताना आवाज मऊ झाला की घरातल्या कुणाचं तरी विचारती, बहुतेक वेळा नातवाचं, रुद्रचं. माझी भाकरी करपली त्या दिवशी तिनं तेच वाक्य असं तिरकं ओढलं की मला लख्ख ऐकू आलं, वा गं शहाणे, काय भाकरी केलीस! मी भाकरी टाकून तिच्या गळ्यात पडले आणि ढसाढसा रडले. कुणी टोमणा मारला म्हणून एवढा आनंद झालेली जाऊ तुम्ही पाहिली नसेल.

बहिरू बांधावरून चालला होता. आक्कानं त्याला बघून वाक्य म्हणलं आणि तो भराभर पाय उचलायला लागला. "थांब रे मुडद्या!" मी ओरडले. "भांडत नाय ती. कान दे जरा." आक्का परत म्हणाली, 'आमचं' असं खाली आणून, जवळ ओढल्यासारखं. फुलं तोडून झाल्यावर बायांना 'बसा गं, चहा घ्या' म्हणायची तो तिचा आवाज होता. बहिरू बांधावर उभा राहिला, मग चपला काढून ओट्यावर येऊन बसला. चहा झाला. जाताना "येतो वहिनी" म्हणाला.

मी तर हवेतच होते. गावातल्या बाया यायच्या, आक्काला काही विचारायच्या आणि उत्तरासाठी माझ्या तोंडाकडं बघायच्या. मी सांगायची, "हो म्हणती," "नको म्हणती," "तुझी सून कशी हाय विचारती." समाधानलाही मीच सांगायची. तो म्हणायचा, काकू, तूच तिची वाचा झालीस. ते ऐकून मला लय भारी वाटायचं.

मग मॅडमचा समाधानला फोन आला. सातपूरजवळ त्यांचं केंद्र हाय, तिथं रोज सराव घ्यायला जागा झाली होती. हमी देत नाही म्हणाल्या, पण रोज केलं तर आणखी शब्द परत येऊ शकतात. मळ्यातून रोज जाणं-येणं जमण्यासारखं नव्हतं. समाधान आणि हर्षाली दोघं घरी आले. समाधान म्हणाला, "काकू, आता तरी आईला नेऊ दे."

मी कमरेवर हात ठेवले. "मला कशाला विचारतोस? तिलाच विचार की. आता तर कळलंय ना, तिला सगळं कळतं?" मला खात्री होती. ह्या मातीत वाढलेली बाई, ती मला सोडून जाणार व्हय?

"मला तिचं समजत नाही," समाधान म्हणाला. "तू विचार. तू सांगशील ते मी मानीन. परत विषय काढणार नाही."

मी आक्कासमोर बसले. "आक्का, हितंच राहायचं ना? मळ्यात, माझ्यासंग?"

"आज पाणी आमचं हाय."

सपाट. वाफा ओढून सारखा करावा तसे चारी शब्द.

मला वाटलं माझ्याच कानात काहीतरी झालं. मॅडमनी सांगितलं होतं, प्रश्न उलटा करून विचारा. मी विचारला. माझा आवाज मलाच ओळखू येईना. "मग सातपूरला जायचंय? समाधानकडं?"

"आज पाणी आमचं हाऽय."

समाधान माझ्याकडं बघत होता, हर्षाली माझ्याकडं बघत होती. त्यांना दोन्ही वाक्यं एकच ऐकू आली होती. त्या क्षणाला मी 'राहते म्हणती' असं म्हणलं असतं, तर ब्रह्मदेवालाही पत्ता लागला नसता. माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, लपवत नाय. आणि आक्का माझ्याकडं बघत होती. शांत, पापणी न हलवता. तिनं जन्मभर कुणाच्या बापाला न घाबरता स्वतःचं स्वतः सांगितलं होतं, आणि आता तिचं सांगणं माझ्या तोंडातून जायचं होतं. मला तिची भीती वाटली, आणि तिच्यापुढं मी एवढीशी झाले.

"येते म्हणती," मी म्हणलं. "तुझ्यासंग येते म्हणती."

समाधान चमकला. "काकू, तूच तर म्हणत होतीस की तिला इथंच राहायचंय."

"ते मी म्हणत होते. आता ती बोलतीय." आणि मग मला राहवेना. मी आक्काचा हात धरून तरातरा विचारत सुटले. "का गं पण? नातवासाठी जातीस?" सपाट. "माझी कंबर मोडती तुला उचलून म्हणून?" सपाट, वर एक डोळे वटारणं. "मग काय, बोलायला शिकायला?"

"आज पाणी आमचं हाऽय!"

असा जोर मी तिच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता. खाली ओढल्या गेलेल्या ओठांतून तो 'हाय' अख्खा बाहेर आला आणि तिचे डोळे भरले. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. मी समजत होते, चार शब्दांत ती सगळं बोलती, आता तिला काय कमी हाय! मी सांगायला होते ना! पण तिला ते पुरत नव्हतं. ज्या बाईनं सगळा बाजार हलवला, तिला तिचे शब्द हवे होते, माझे नको होते. ह्या वयात, अर्धं अंग लुळं असताना, जन्माचा मळा सोडून ती शाळेत जायला निघाली होती. मी रडत होते आणि मला तिचा एवढा अभिमान वाटत होता की छाती फुटेल असं वाटलं.

हर्षालीनं घर लावायला आठवडा मागून घेतला. तेवढ्या दिवसांत समाधान कंपनी सुटली की थेट मळ्यात यायचा आणि आईसमोर डोळे मिटून बसायचा. "आई, चहा हवा?" "आई, थंडी वाजते?" चुकायचा, परत विचारायचा. मी स्वयंपाकघरातून ऐकायची आणि त्याला सांगायला धावायची नाय. पदर तोंडात धरून गप्प बसायची, आणि ते मला किती जड गेलं ते माझं मला ठाऊक.

न्यायच्या दिवशी बहिरूनं आक्काला हाताला धरून गाडीपर्यंत आणलं. मी तिच्या पाठीशी उशी लावली, पदर नीट केला, गोळ्यांची पिशवी हर्षालीच्या हातात दिली. मळ्याची काळजी करू नको, असं म्हणायला खिडकीशी वाकले आणि तोंडातून भलतंच निघालं. "आक्का, मी एकटी पडले गं आता."

तिनं डाव्या हातानं माझं मनगट धरलं.

"आज पाणी आमचं हाय," ती म्हणाली. एकाही शब्दावर जोर नव्हता.

समाधाननं स्टेअरिंगवरून वळून मागं बघितलं. त्याचा चेहरा असा झाला होता, जणू आई आत्ताच्या आत्ता पहिल्यांदा त्याच्याशी बोललीय. "काकू," तो म्हणाला, "आई नाही म्हणतेय. तू एकटी नाहीस म्हणतेय."

मला कळलं होतं. तरी मी त्याला सांगू दिलं.